पोटात दुखलं की थेट सीटी स्कॅन? काकांच्या निमित्ताने

सड्यावरचा

मंडळी, शीर्षक जरा भडक झालंय, पण गेल्या आठवड्यात आमच्या घरात यावरून चांगलीच जुंपली होती.

काका देवगड तालुक्यात असतात. वय अडुसष्ट, साखरेच्या गोळ्या चालू, कवळी वापरतात, बाकी ठणठणीत. उजव्या बाजूला खाली पोटात दुखायला लागलं. आधी गॅस समजून हिंग-ओवा झाला, मग गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन झालं. ताप चढला तेव्हा सोनोग्राफीला नेलं. रिपोर्टात लिहिलेलं, आतड्यातल्या वायूमुळे अपेंडिक्स दिसलं नाही, थोडं पाणी आहे. तिथून सर्जनकडे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त-लघवी तपासली, ईसीजी काढला आणि म्हणाले, सीटी करून घेऊ, मग ठरवू.

झालं, घरात दोन तट. चुलतभाऊ म्हणतो, अपेंडिक्स आहे हे शेंबड्या पोरालाही कळतंय, सरळ कापा, सीटीचे पैसे कशाला घालवायचे? आत्या म्हणते, या वयात एवढी किरणं नकोत. मी इकडे ठाण्यात बसून फोनवर दोन्हीकडची बोलणी खातोय.

सीटी झाला. अपेंडिक्स ठीकठाक. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून माशाचा काटा आरपार बाहेर आलेला, त्याच्याभोवती सूज आणि जरासा पू. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, काका आता घरी पेज जेवतायत. काटा कधी गिळला ते त्यांना अजून आठवत नाही. काटेरी करली मात्र घरात दर आठवड्याला होते, हे काकूंनी कबूल केलंय.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारतो. सीटी नेमका कधी लागतो? सोनोग्राफीने भागत नाही का? आणि आत्याच्या किरणांच्या भीतीत तथ्य किती?

पेठेतला_राघू

काका सुखरूप आहेत, उत्तम. पण एका काट्यावरून सगळ्यांना सीटीच्या रांगेत उभं करू नका. माझ्या मेव्हण्याला जेवण अंगावर आलं होतं. कॅज्युअल्टीतल्या पोराने पोटाला हातसुद्धा न लावता सीटी लिहून दिला. रिपोर्ट नॉर्मल. बिल तेवढं नॉर्मल नव्हतं. आमचे जुने फॅमिली डॉक्टर नुसतं पोट दाबून सांगायचे अपेंडिक्स आहे की नाही ते. आता सगळा यंत्रांचा खेळ.

टाका_घालणारा

राघू, हात न लावता सीटी लिहिणाऱ्याची वकिली मी करणार नाही. पण हाताने निदान करणाऱ्या जुन्या डॉक्टरांची अर्धीच गोष्ट लोक सांगतात. त्या काळात दर पाच-सहा ऑपरेशनांत एखादं अपेंडिक्स अगदी निरोगी निघायचं, आणि ते धरूनच चाललेलं असायचं. तेवढी रिकामी ऑपरेशनं होत नसतील तर तुम्ही फुटायला आलेली अपेंडिक्सं सोडताय, असं आम्हाला शिकवलं जायचं. तरुण मुलींत तर हे प्रमाण आणखी जास्त, कारण बीजांडाची गाठ, नळीची सूज सगळं त्याच कोपऱ्यात दुखतं. सीटी सर्रास व्हायला लागल्यावर बऱ्याच ठिकाणी हा आकडा दहा टक्क्यांच्या आत आला.

सड्यावरचा, आता तुमचा प्रश्न. मी रत्नागिरी जिल्ह्यात सर्जरी करतो. पोटदुखीचा माणूस आला की पहिली चौकशी अशी असते : दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, आधी दुखलं की आधी उलटी झाली. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, मेलेली भूक, मळमळ, दाबून हात सोडला की उठणारी कळ, ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, या सगळ्याला गुण देऊन दहापैकी बेरीज करायची एक पद्धत अल्व्हाराडो नावाच्या डॉक्टरने १९८६ मध्ये मांडली. बेरीज तीन-चारच्या आत असेल तर सीटीची घाई नसते. घरी पाठवतो, दुसऱ्या दिवशी परत बोलावून पोट पुन्हा बघतो. पोट पुन्हा बघणं ही फुकटातली सगळ्यात चांगली तपासणी आहे, पण कोकणात पेशंट दोन एसटी बदलून आलेला असतो, तो उद्या परत येईलच असं नाही. बेरीज मधल्या पट्टीत अडकली की सोनोग्राफी, आणि तिने निकाल लागला नाही तर सीटी.

सीटीच्या आधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. चाळिशीपुढच्या माणसाच्या वरच्या पोटात दुखत असेल तर ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका ॲसिडिटीचं सोंग घेऊन येतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईची यूपीटी, म्हणजे लघवीवरची गर्भचाचणी, मग ती 'शक्यच नाही' म्हणाली तरी. नळीतला गर्भ फुटलेली बाई सीटीच्या रांगेत बसवून ठेवायची नसते. साखर तपासा, साखर बेसुमार चढून रक्त आंबट झालं तरी पोट दुखतं आणि उलट्या होतात. आणि लुंगी सोडून जांघ बघा! ट्रॉलरवरचे खलाशी लाजतात, जांघेत अडकलेला हर्निया सांगत नाहीत आणि पोट फुगून उलट्या करत येतात. तेच वयात येणाऱ्या मुलांचं. आईला सांगतो 'ओटीपोटात दुखतंय', खरं तर वृषणाला पीळ पडलेला असतो. तिथे सहाएक तासांत हात घातला नाही तर वृषण जातं. असल्या मुलाला सीटीला पाठवणारा मला भेटलाय, म्हणून एवढं सांगतोय.

काकांच्या बाबतीत वय महत्त्वाचं. पासष्ट-सत्तरीपुढचं पोट फसवतं. आत आतडं फुटलेलं असतं आणि वरून पोट मऊ, ताप जेमतेम, पेशी नॉर्मल. त्यात मधुमेह. या वयात उजवीकडे दुखणं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही. उजव्या बाजूचा कॅन्सर, आतड्याचा क्षय, मोठ्या आतड्याच्या पिशवीची सूज, काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाचं ऑपरेशन वेगळं. कुठे कापायचं हे आधी कळलेलं बरं. तुमच्या सर्जनने योग्य केलं.

कट्ट्यावरचो

माज्या झिलाक मे महिन्यात असाच दुखूक लागला. कमरेतसून निघान पुढे जांघेत. गडबडा लोळत होतो. शेजारीण म्हणाली कुळथाचा पाणी दी, पानफुटीचो पालो दी. दिलंव. मगे डाक्टरान सीटी करूक सांगितल्यान, ४ मिलिमीटरचो खडो निघालो. तो आपसूक पडलो. आता माका सांगा, कुळथान पाडलो काय आपसूक पडलो?

टाका_घालणारा

आपसूक! मूत्रनलिकेतले ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे पाणी नि वेदनाशामकावर पडतात. कुळथाची पिठी जरूर खा, चवीला तिला तोड नाही.

पण तुमच्या उदाहरणात एक मुद्दा आहे. खड्यासाठी करतात तो सीटी साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा (म्हणजे चित्रात अवयव उजळवणारं औषध न देता केलेला), आणि किरणं कमी ठेवूनही होतो. युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो. झील तरुण आहे, पुन्हा दुखलं आणि ताप नसेल तर आधी सोनोग्राफी करा, दरवेळी सीटी नको. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्र काढू नका. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू होतो आणि माणूस काही तासांत खचतो.

करडी_छटा

मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या बाहेरगावी बसून रात्रीचे सीटी वाचतो. बरेचसे कोकणातल्या सेंटरांतून येतात, म्हणून या धाग्यावर गप्प बसवत नाही.

सीटीत दिसतं काय, ते आधी सांगतो. पहिला पेशंट १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात या यंत्रात गेला. स्कॅन डोक्याचा होता. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे डॉक्टर नव्हते, ईएमआय या रेकॉर्डवाल्या कंपनीतले इंजिनियर. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळून मिळालं. आम्ही अजून हाउन्सफिल्ड यांच्याच नावाच्या मापात बोलतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, गोठलेलं ताजं रक्त साठ-सत्तर, हाड कित्येक शेकडे. या आकड्यांवरून काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा ठरतात.

पोटाच्या सीटीत आमचा खरा मित्र म्हणजे चरबी. लोक हसतात, पण खरं आहे. निरोगी चरबी एकसारखी काळसर दिसते. शेजारच्या अवयवाला सूज आली की ती काळ्या पाटीवर ओला फडका अर्धवट फिरवावा तशी मळकट होते. अपेंडिक्स शोधण्याआधी मी हा मळकटपणा शोधतो, तो बोट दाखवतो कुठे बघायचं ते. मग अपेंडिक्सची जाडी ६ मिलिमीटरच्या वर आहे का, भिंत कॉन्ट्रास्टने उजळते का, आत खडा आहे का. हाडकुळ्या मुलांत चरबीच नसते, म्हणून त्यांच्यात सीटी वाचणं अवघड, आणि नेमकी त्यांच्यातच सोनोग्राफी छान दिसते. लहान मुलांत सोनोग्राफी आधी करण्यामागे किरणांइतकंच हेही कारण आहे.

आता काकांचा काटा. गिळलेला काटा बहुतेक वेळा काही न करता बाहेर पडतो. जे अडकतात ते लहान आतड्याचं शेवटचं टोक, मोठ्या आतड्याची वळणं, अशा अरुंद किंवा वळणाच्या जागी. काटा हळूहळू टोचत बाहेर येतो आणि आजूबाजूची चरबी त्याला गुंडाळून टाकते, म्हणून धडाक्याने पोट फुटत नाही, हवाही फारशी बाहेर दिसत नाही. दुखणं सुरू होतं तोवर ते जेवण विस्मरणात गेलेलं असतं. एक्स-रेत बहुतेक काटे दिसतच नाहीत. सीटीत दोन-तीन सेंटिमीटरची बारीक, सरळ, पांढरी रेघ दिसते, तीही पातळ कापांत (सीटी पावाच्या चकत्यांसारखी शरीराच्या कापांची चित्रं काढतो). पाच मिलिमीटरच्या जाड कापांत ती हरवते किंवा रक्तवाहिनी वाटते. त्यात पोटात पांढरं कॉन्ट्रास्ट पाजलेलं असेल तर रेघ त्यातच बुडून जाते.

आणि कवळी! टाळू झाकला गेला की तोंडातला काटा जाणवत नाही. कवळीवाल्या माणसांत हे जास्त होतं हे जुनं निरीक्षण आहे. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मवर बहुधा 'पेन ॲब्डोमेन' एवढे दोनच शब्द असतात. कुणी 'मासे खाणारा, कवळी आहे' एवढं लिहिलं तर मी ती रेघ मुद्दाम शोधतो. डॉक्टर घाईत असेल तर नातेवाइकांनी टेक्निशियनला सांगावं, तो लिहितो.

सीटीला जमत नाही तेही ऐका. पित्ताशयातले बरेच खडे सीटीत दिसत नाहीत, कारण कोलेस्टेरॉलचा खडा आणि पित्त यांची छटा एकच. तिथे सोनोग्राफी सरस. बीजांडाचा पीळही आधी सोनोग्राफीत बघतात. स्वादुपिंडाची सूज रक्तातल्या लायपेजवरून कळते. पहिल्याच दिवशी घाईने केलेल्या सीटीत किती भाग मेला ते दिसत नाही, त्यासाठी तीन-चार दिवस जावे लागतात. साधी ॲसिडिटी, न फुटलेला अल्सर, राघूच्या मेव्हण्याचं अजीर्ण, यांत सीटी कोराच येणार.

आजीबाईंची_नात

आत्याच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही. किरणांचं काय? माझ्या मुलीचा वयाच्या अकराव्या वर्षी पोटाचा सीटी झालाय, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

करडी_छटा

पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं माप) जातात. माती, हवा, आकाश, अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. म्हणजे तीन-चार वर्षांचा साठा एकदम. अमेरिकेच्या औषध नियामकाचा अंदाज आहे की १० मिलिसिव्हर्टमुळे दोन हजारांत एकाला पुढे आयुष्यात जीवघेणा कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सरने मृत्यू येण्याची एरवीची शक्यता साधारण पाचात एक. त्या मोठ्या ढिगात ही भर शोधूनही सापडत नाही. मुलांत धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, कारण पेशी वाढीच्या आणि पुढे आयुष्य मोठं, म्हणून त्यांच्यात मात्रा वजनाप्रमाणे कमी ठेवतात.

तुमच्या मुलीचा एक झाला, झाला. त्याची धास्ती घेऊ नका, फक्त पुढच्या डॉक्टरांना सांगा. अडुसष्टाव्या वर्षी तर हा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. किरणांच्या कॅन्सरला उगवायला दहा-वीस वर्षं लागतात आणि फुटलेल्या आतड्याला तेवढा धीर नसतो.

रात्रपाळी

मी सीटी टेक्निशियन. वरचं सगळं डॉक्टरांचं झालं, आता मशीनच्या खोलीतलं सांगते.

लोक एमआरआय समजून घाबरतात. सीटीचं कडं रुंद असतं, आवाज नाही, नि पोटाचा स्कॅन एका श्वासात होतो, दहा-पंधरा सेकंदांचा. वेळ जातो तो सुई लावण्यात. शीर चांगली लागते, कारण मशीनचा पंप सेकंदाला दोन-तीन मिलिलिटर वेगाने कॉन्ट्रास्टचं आयोडीनवालं औषध ढकलतो. औषध आत गेलं की घशापासून खाली सगळं अंग गरम होतं, तोंडात धातूची चव येते, आणि बायकांना तर हमखास वाटतं की आपली लघवी झाली. होत नाही. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट दचकून हलतो आणि स्कॅन वाया जातो. औषध गेल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी फोटो घेतो, तेव्हा आतडी आणि यकृत नीट उजळलेली असतात.

आमच्याकडे रोज येणारा प्रश्न : "ह्यांना कोलंबीची ॲलर्जी आहे, मग आयोडीनचं औषध चालेल का?" चालतं. कोलंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. हा गैरसमज डॉक्टरांतही आहे, त्यामुळे किनारपट्टीवर अर्ध्या लोकांचा कॉन्ट्रास्ट उगाच अडतो. पूर्वी ह्याच औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर मात्र आल्या आल्या सांगा. दमेकऱ्यांनीही सांगावं.

क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात असेल तर आमचा अर्धा तास वाचतो. काकांसारखे साखरेवर मेटफॉर्मिनची गोळी घेणारे असतील तर मूत्रपिंड नीट असल्यास घाबरायचं कारण नाही. खूपच मंदावलं असेल तरच गोळी अठ्ठेचाळीस तास थांबवून क्रिएटिनिन पुन्हा बघतात. बरीच सेंटरं सरसकट थांबवायला सांगतात, तसं सांगितलं तर वाद घालू नका, गोळी तेवढी पुन्हा सुरू करायला विसरू नका. चांदीचा करदोडा, तावीज, साडीची पिन घरीच काढून या. करदोड्यावरून रात्री दोन वाजता भांडणं होतात हो.

पेठेतला_राघू

कोलंबीचं नवीनच कळलं. बरं डॉक्टर, तो सीटीच्या निकालापर्यंत वेदनाशामक न देण्याचा प्रकार काय आहे? मेव्हणा चार तास विव्हळत होता. म्हणे, दुखणं झाकलं जाईल.

टाका_घालणारा

जुनी समजूत. हाताशिवाय दुसरं काही नव्हतं त्या काळातली. दुखणं कमी केल्याने निदान चुकत नाही हे त्यानंतर अनेकदा तपासून झालंय. उलट कळ जरा निवली की माणूस पोट सैल सोडतो आणि तपासणी नीट होते. चार तास विव्हळत ठेवणं चूकच. विचारा, मागा.

पावसाळी_बेडूक

डॉक्टर, मण्यारीचं लिहा ना कुणीतरी. आमच्याकडे तिला कांडर म्हणतात. आमच्या वाडीत जमिनीवर झोपलेल्या मुलीला पहाटे पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, घरचे म्हणाले रात्रीचं काहीतरी बाधलं.

टाका_घालणारा

हे धाग्याच्या वरच चिकटवायला हवं. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, बऱ्याचदा दातांची खूणही सापडत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, उलटी करतो आणि थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. ह्या पोटाचा सीटी काढलात तर कोरा येईल, आणि तोवर श्वासाचे स्नायू थकत जातील. पहाटेची पोटदुखी आणि मिटणारे डोळे दिसले की सर्पविषाची लस आणि व्हेंटिलेटर जिथे असेल तिथे न्यायचं, वाटेत कुठलाही स्कॅन नको. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मण्यार आणि नागाच्या दंशावरही त्यांनी खेड्यात राहूनच लिहून ठेवलंय.

पावसाळ्यातलंच आणखी एक. सिंधुदुर्गात लेप्टोची साथ असते तेव्हा ताप, पिंढऱ्या दुखणं, लालसर डोळे आणि पोटदुखी एकत्र येते. डेंग्यूत पित्ताशयाची भिंत सुजते आणि सोनोग्राफीवाला 'पित्ताशयाची सूज' लिहून मोकळा होतो. प्लेटलेट न बघता त्या पित्ताशयाला सुरी लावायची नाही.

हातखंबा_नाका

रुग्णवाहिका चालवतो. डॉक्टरकीतलं कळत नाय, रस्त्याचं कळतं. देवगड-मालवणकडचे पेशंट गोव्यात बांबोळीला, रत्नागिरीचे आंबा घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणचे कुंभार्लीतून कराडला. पावसात घाटात दरड आली की सगळा हिशोब बोंबलतो. माझी एकच तक्रार आहे. लोक फिल्मचं मोठं पाकीट घरी ठेवतात आणि रिपोर्टाचा एक कागद खिशात घालून निघतात. पुढच्या हॉस्पिटलात म्हणतात, आम्हाला चित्रं बघायचीयत, की पुन्हा सीटी. पुन्हा पैसे, पुन्हा ते अंग गरम करणारं औषध. एका म्हाताऱ्याचा असा एका रात्रीत दोनदा झाला, दोन्ही ठिकाणी निकाल तोच.

करडी_छटा

शंभर टक्के. फिल्मसुद्धा पुरत नाही, त्यावर निवडक चित्रं असतात. सीडी मागा किंवा लिंक मागा, तिच्यात सगळे पातळ काप असतात. मोबाइलने फिल्मचा फोटो काढून पाठवलेला मी बघतो, पण त्यावर ऑपरेशन ठरवू नये. काकांची रेघ त्यात मुळीच दिसली नसती.

टाका_घालणारा

नाकेकर, आणखी एक. रक्तदाब खाली गेलेला, घामाने थबथबलेला, पोट लाकडासारखं कडक झालेला माणूस सीटीसाठी लांब हलवायचा नसतो. सलाईन, अँटिबायोटिक आणि जवळचं ऑपरेशन थिएटर. उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवेची चंद्रकोर दिसली तरी पोट उघडायला तेवढं पुरतं.

उलट बाजूही सांगतो. पोट मऊ, आणि दुखणं इतकं भयंकर की माणूस ओरडतोय, वय साठीपुढचं, नाडी अनियमित. इथे आतड्याचा रक्तपुरवठा गुठळीने बंद झालेला असू शकतो. सोनोग्राफीत काही कळत नाही, रक्तवाहिन्यांचा सीटीच लागतो, तोही तासाभरात. अशा माणसाला 'नाटक करतोय' म्हणून ठेवून घेतलेलं मी बघितलंय, सकाळपर्यंत आतडं काळं पडलेलं.

आजीबाईंची_नात

अपेंडिक्स औषधानेही बरं होतं म्हणतात, ते खरं का? मग सीटी करून तरी काय मिळतं?

टाका_घालणारा

काहींचं होतं. अमेरिकेत १५५२ प्रौढ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी साधारण दर दहांत तिघांचं अपेंडिक्स नव्वद दिवसांत काढावंच लागलं. ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा होता त्यांच्यात दहांत चौघांचं. खडा आहे की नाही हे सीटी सांगतो. म्हणजे ऑपरेशन टाळायचं असेल तर सीटी जास्तच हवा. आणि परत दुखलं तर तीन-चार तासांत सर्जनपर्यंत पोचता येईल का, हेही बघा. राजापूरच्या आतल्या गावात पावसाळ्यात औषधावर भरवसा ठेवायला मी कचरतो. बोटीवर महिनोन्महिने जाणाऱ्या पोरांचं तर काढूनच टाकतो.

रात्रपाळी

गरोदर बाईचं राहिलं. आधी सोनोग्राफी, मग शक्य असेल तर एमआरआय. जीवावर बेतलं असेल तर सीटीसुद्धा करतात, गर्भाला त्याने सहसा इजा होत नाही. पण नोंदवहीत सही घेतल्याशिवाय आम्ही टेबलावर घेत नाही. पाळी चुकली असेल तर सासूसमोर सांगता येत नसेल तरी आत येऊन माझ्या कानात सांगा. दार लावलेलं असतं.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार, चुलतभावाला धागा पाठवलाय. त्याने फक्त करदोड्याचा परिच्छेद वाचला. काकांना कवळी काढून मासे खाता येत नाहीत आणि मासे सोडून जगता येत नाही, त्यामुळे काकूंनी करली बंद करून पापलेट सुरू केलंय. खर्च सीटीपेक्षा जास्त होणार असं दिसतंय.

एकच शंका राहिली. रिपोर्टाच्या शेवटी लिहिलंय : उजव्या मूत्रपिंडात ३ सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ, आणि डाव्या ॲड्रिनलमध्ये (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत) १४ मिलिमीटरची गाठ, कॉन्ट्रास्टआधी ४ हाउन्सफिल्ड. काकांनी कॅन्सर म्हणून झोप सोडलीय.

करडी_छटा

मूत्रपिंडातली साधी गाठ म्हणजे वयाची सुरकुती, सोडून द्या. ॲड्रिनलची ४ म्हणजे पाण्याच्या जवळची छटा, आत चरबी भरलेली. एकसारखी आणि दहाच्या आत असलेली अशी गाठ निरुपद्रवी ॲडिनोमा असते, तिचा पुन्हा सीटी लागत नाही. काही अशा गाठी चोरून हार्मोन बनवतात, आणि काकांना साखर आहे. म्हणून टाके सुकले की फिजिशियनकडे जाऊन रात्रीच्या डेक्सामेथासोनच्या गोळीनंतर सकाळचं कॉर्टिसोल (त्याच ग्रंथीचं हार्मोन) एकदा तपासून घ्या. रक्तदाब असेल तर पोटॅशियम, आल्डोस्टेरॉन आणि रेनिनही. कागद घेऊन जा, आणि सीडीसुद्धा.